लाँगबो, जड बाण आणि टेक्सासची मोठी रानडुकरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे जे लिहिलंय ते सगळं अमेरिकेतल्या, मुख्यतः टेक्सासमधल्या शिकारीबद्दल आहे. भारतात ही शिकार बेकायदा आहे, त्याचं उत्तर शेवटी दिलंय, पण घाईत असाल तर आधी तेच वाचा. आणि सगळ्या उत्तरांमागे एकच गोष्ट आहे ती सुरुवातीलाच सांगतो, जनावर पटकन मेलं पाहिजे, ही जबाबदारी धनुष्य हातात घेणाऱ्याची. बाणाचं वजन, पात्याची धार, अंतर, कोन, सगळं तिथूनच ठरतं.

टेक्सासमध्ये डुकरं मारायची परवानगी एवढी सहज कशी?

कारण ती तिथली मूळची नाहीतच. 1539 मध्ये हर्नान्दो दे सोतो नावाचा स्पॅनिश सरदार फ्लोरिडात उतरला तेव्हा बरोबर डुकरं घेऊन आला होता, पुढे वसाहतवाले लोक डुकरं मोकळीच चरायला सोडायचे, त्यातली बरीच रानात गेली ती गेलीच. मग 1930 च्या दशकात टेक्सासमधल्या काही रँचवाल्यांनी शिकारीसाठी म्हणून युरोपातली खरी रानडुकरं आणून सोडली आणि त्यांचा या पळालेल्या डुकरांशी संकर झाला. आज टेक्सासमध्ये वीस लाखांहून जास्त आणि अख्ख्या अमेरिकेत साठ लाखांच्या वर असावीत असा अंदाज आहे. मादी सहा ते आठ महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, गाभण काळ साधारण 115 दिवस, एका वेळी सरासरी चार ते सहा पिल्लं. मका, भुईमूग, कुरणं, ओढ्याकाठची माती, सगळं एका रात्रीत नांगरून टाकतात. सकाळी ते शेत बघितलं की शेतकऱ्याचा राग समजतो, आपल्याकडे कोकणात किंवा विदर्भात ज्यांच्या शेतात डुकरं शिरलीत त्यांना तर वेगळं सांगायलाच नको.

लायसन्स लागतं का?

1 सप्टेंबर 2019 पासून टेक्सासमध्ये खाजगी जमिनीवर, मालकाची परवानगी असेल तर, डुकरांच्या शिकारीला लायसन्स लागत नाही. सरकारी जमिनीवर लागतं, आणि तिथे प्रत्येक जागेचे नियम वेगळे असतात. इतर राज्यात टेक्सासचा नियम धरून जाऊ नका! कॅन्ससमध्ये शिकारीवर बंदी आहे, मिसुरीच्या संवर्धन विभागाने 2016 मध्ये आपल्या जमिनींवर बंदी घातली. कारण विचित्र वाटेल पण बरोबर आहे, शिकारी एक डुक्कर मारतात आणि उरलेला कळप उधळून चार नव्या ठिकाणी जातो, शिवाय शिकारीची हौस वाढली की लोक डुकरं पकडून नव्या भागात सोडायला लागतात. हे सोडणं सगळ्यात वाईट.

म्हणजे धनुष्याने शिकार करून डुकरांची संख्या कमी होते?

नाही. हे प्रामाणिकपणे सांगितलंच पाहिजे. संख्या नुसती स्थिर ठेवायची तरी दर वर्षी साधारण दोन तृतीयांश डुकरं कमी करावी लागतात, ते काम मोठ्या कुंपणाच्या सापळ्यांचं, अख्खा कळप आत आला की मोबाईलवरून गेट पाडतात तसले. जमीनमालक सापळा लावत असेल तर त्याच्या आसपास शिकार करू नका, डुकरं बुजतात आणि त्याची महिन्याची मेहनत वाया जाते. आम्ही धनुष्यवाले जातो ते मांसासाठी, त्या जवळिकीसाठी, आणि सापळ्याला न बधणारा एखादा म्हातारा नर असेल तर त्याच्यासाठी.

दादा, रायफल असताना लाकडी धनुष्य कशाला?

हा प्रश्न गावाकडचा प्रत्येक भाऊ विचारतो. रायफलने दोनशे यार्डावरून काम होतं, लाँगबोने पंधरा यार्डावर जावं लागतं, म्हणजे वारा, पाऊल, सावली, जनावराचं लक्ष कुठे आहे, सगळं वाचावं लागतं, आणि पंधरा यार्डावर डुकराचा श्वास, दात खाणं, चिखलाचा वास हे सगळं तुमच्यापर्यंत पोचतं. मला त्यासाठीच जायचं असतं. पण हे निवडलं की मर्यादाही निवडली, दहातल्या बऱ्याच वेळा बाण न सोडता परत यायचं, याची तयारी नसेल तर रायफल घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

ट्रॅडिशनल धनुष्य म्हणजे नक्की कोणतं?

लाँगबो म्हणजे लांब, साधं धनुष्य, रिकर्व्ह म्हणजे टोकं पुढे वळलेलं, आणि एकाच लाकडातून कोरलेलं सेल्फबो. चाकं नाहीत, नेम धरायची साइट नाही, ट्रिगर नाही. कंपाउंड म्हणजे चाकांच्या आधुनिक धनुष्याला पूर्ण खेचल्यावर चाकांमुळे वजन उतरतं आणि माणूस निवांत धरून बसू शकतो, इथे पूर्ण खेचल्यावर सगळं वजन बोटांवर असतं त्यामुळे खेचायची वेळ आधी निवडावी लागते. टेक्सासच्याच भागात ओसेज ऑरेंज नावाचं पिवळं, काटेरी झाड वाढतं, ज्याला फ्रेंचांनी धनुष्याचं लाकूड असंच नाव दिलं होतं, आणि ओसेज, कॅडो या तिथल्या मूळ लोकांची धनुष्यं त्याचीच. आजही सेल्फबो बनवणारे त्याच लाकडाच्या मागे असतात. आधुनिक अमेरिकन धनुष्यशिकारीची सुरुवात सांगताना 'याही' जमातीतल्या इशी नावाच्या माणसाचं नाव घ्यावंच लागतं, 1911 मध्ये तो कॅलिफोर्नियात एकटा उरलेला सापडला आणि त्याच्याकडून सॅक्स्टन पोप या डॉक्टरने धनुष्य बनवणं आणि शिकार शिकून घेतली.

किती पौंडाचं धनुष्य पुरतं?

पौंड म्हणजे धनुष्य खेचायला लागणारी ताकद. 45 ते 55 पौंड, तुमच्या स्वतःच्या खेचण्याच्या लांबीवर मोजलेलं. धनुष्यावर लिहिलेला आकडा बहुतेक वेळा 28 इंचाला असतो, तुम्ही 26 इंचच खेचत असाल तर प्रत्यक्षात चार-पाच पौंड कमी मिळतील. लोक डुकराचं नाव काढलं की थेट 65 पौंडाचं घेतात, मग खांदा दुखतो, पूर्ण खेचलं जात नाही, बाण वाकडा जातो. 50 पौंडाचं नीट खेचलेलं धनुष्य आणि सरळ उडणारा जड बाण हे 65 च्या थरथरणाऱ्या हातापेक्षा कितीतरी चांगलं.

बाण एवढा जड का? हलका बाण वेगाने जातो ना?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे त्यामुळे जरा सविस्तर.

बाणाचं वजन ग्रेनमध्ये मोजतात, साधारण साडेपंधरा ग्रेन म्हणजे एक ग्रॅम. हरणासाठी कंपाउंडवाले 400 ग्रेनच्या आसपास वापरतात. ट्रॅडिशनलमध्ये जुना ढोबळ नियम आहे, धनुष्याच्या प्रत्येक पौंडाला 10 ग्रेन, म्हणजे 50 पौंडाला 500 ग्रेन. मोठ्या नरासाठी मी आणि माझ्या ओळखीचे बहुतेक लोक 600 ते 650 च्या पुढे जातो, म्हणजे चाळीस ग्रॅमच्या आसपास.

आता हिशेब बघा. समजा त्याच धनुष्यातून 400 ग्रेनचा बाण सेकंदाला 180 फुटांनी जातो आणि 650 ग्रेनचा 150 फुटांनी. वेग कमी झाला खरा, पण वजन गुणिले वेग केलं तर 72,000 चे 97,500 झाले, म्हणजे संवेग एक तृतीयांशाहून जास्त वाढला. बंदुकीची गोळी धक्क्याने मारते, बाण तसा मारतच नाही, तो आत शिरून कापत जातो आणि रक्तस्रावाने जनावर पडतं, म्हणून त्याला आत ढकलत राहणारी गोष्ट हवी आणि ती म्हणजे संवेग. वर जड बाण धनुष्यातली ताकद जास्त घेऊन जातो, त्यामुळे धनुष्य कमी हादरतं आणि आवाजही कमी होतो, जो पंधरा यार्डावर फार कामाचा.

डॉ. एड ॲशबी यांनी 1980 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमध्ये आणि पुढे ऑस्ट्रेलियात रानम्हशींवर बाण किती आत जातो याच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या. त्यांचं निरीक्षण असं की जड हाड फोडून आत जायचं तर साधारण 650 ग्रेनच्या वर बाण गेला की यश एकदम वाढतं. पण त्यांच्या यादीत वजन पहिलं नाही! पहिलं म्हणजे बाण आणि पातं तुटता-वाकता कामा नये, दुसरं म्हणजे बाण सरळ उडाला पाहिजे, मग पुढचा भार, पात्याचा आकार वगैरे, आणि वजन त्याच्या नंतर. लोक फक्त 650 हा आकडा लक्षात ठेवतात आणि वळवळत जाणारा जड बाण सोडतात, वाकडा लागलेला बाण अर्धी ताकद वळण्यातच घालवतो.

पुढचा भार म्हणजे काय?

बाणाचा तोल जिथे साधतो ती जागा मधल्या बिंदूच्या किती पुढे आहे, ते टक्क्यात मोजतात. नेहमीच्या बाणात 10 ते 15 टक्के असतं, 19 च्या वर गेलं की त्याला अति म्हणतात आणि ॲशबींच्या नोंदींनुसार तिथे बाण जास्त आत जातो. त्यासाठी बाणाच्या कार्बनच्या काठीत पुढच्या टोकाला पितळी तुकडा (इन्सर्ट) बसवतात आणि पुढे 200 ते 300 ग्रेनचं पातं लावतात. एक लक्षात ठेवा, पुढे वजन वाढवलं की सुटताना काठी जास्त वाकते, म्हणजे ती नरम असल्यासारखी वागते, त्यामुळे जास्त कडक काठी घ्यावी लागते. तपासायचा मार्ग सोपा, पिसं न लावलेला बाण आणि पिसांचा बाण दोन्ही पंधरा-वीस यार्डावर सोडा, दोन्ही एकाच जागी, एकाच कोनात लागायला लागले की जमलं. लाकडी बाण आवडत असतील तर पोर्ट ऑरफर्ड सीडर वासाला सुंदर पण हलकं, डुकरासाठी डग्लस फर, ॲश किंवा हिकरी बघा. आणि पिसं खरीच हवीत, टर्कीची, कारण बाण धनुष्याच्या कट्ट्यावरून घासून जातो, पीस दबतं आणि प्लास्टिक बाणाला ढकलून देतं.

पातं कोणतं?

दोन धारांचं, एकसंध, टोकापासूनच कापणारं, रुंदीच्या तिप्पट लांब असेल तर उत्तम. उघडणारी यांत्रिक पाती इथे अजिबात नकोत, उघडण्यातच ताकद जाते आणि आपल्या धनुष्यात वाया घालवायला ताकद नाही. एकाच बाजूने धार लावलेली पाती आत जाताना फिरतात आणि हाड चिरायला मदत करतात, फक्त धारेची बाजू आणि पिसांचं वळण एकाच दिशेचं ठेवा. धार मात्र स्वतः लावा, आधी कानस, मग दगड, मग चामड्याचा पट्टा, हातावरचे केस सहज निघाले पाहिजेत. पॅकेटमधून काढलेलं नवं पातं धारदार असतंच असं समजू नका.

नराच्या खांद्यावर ढाल असते म्हणतात, खरंय?

हो, खरंय. प्रौढ नराच्या खांद्यावर आणि बरगड्यांवर कातडीखाली कूर्चेसारखा चिवट जाड थर असतो, नरांच्या आपसातल्या मारामारीत सुळ्यांपासून वाचायला. मोठ्या नरात तो इंच-दीड इंच जाड होतो. वर वाळलेला चिखल, राठ केस, आत चरबी. यातून जायला बोथट किंवा हलका बाण कमी पडतो, चांगला जड बाण आरपार जातो.

नेम कुठे धरायचा?

हरणावर शिकलेला माणूस इथेच चुकतो. डुकराचं हृदय आणि फुप्फुसं खूप पुढे आणि खूप खाली असतात, जवळजवळ पुढच्या पायांच्या मध्येच. हरणासारखं "खांद्याच्या मागे, मध्यावर" मारलं तर बाण पोटात जातो. पाठीचा उंचवटा बघूनही फसायला होतं, मणका वाटतो त्यापेक्षा बराच खाली आहे आणि वरचा भाग नुसतं मांस आणि केस.

सगळ्यात चांगला कोन म्हणजे डुक्कर तुमच्यापासून थोडं तिरकं, पलीकडे तोंड करून उभं. बाण बरगड्यांमागून शिरून पलीकडच्या पुढच्या पायाच्या कोपराकडे निघाला पाहिजे, म्हणून नेम त्या पलीकडच्या कोपरावर. असा बाण ढालीचा बराचसा भागही टाळतो. आडवं उभं असेल तर जवळचा पुढचा पाय पुढे टाकेपर्यंत थांबा, मग पायाच्या मागच्या कडेने वर या आणि शरीराच्या खालच्या एक तृतीयांशात धरा. समोरून, किंवा तुमच्याकडे तिरकं येत असेल तर बाण सोडूच नका. डोक्यावर तर कधीच नाही.

किती अंतर?

घरी सराव करताना, दिवसातला पहिला, हात गरम व्हायच्या आधीचा बाण तुम्ही ज्या अंतरावर सहा इंची बशीत दर वेळी मारू शकता ते तुमचं अंतर. दहावा बाण नाही, पहिला. बहुतेकांचं ते 12 ते 18 यार्ड निघतं. गुडघ्यावर बसून, स्टुलावर बसून, जाड जॅकेट घालून पण सराव करा.

जवळ कसं जायचं?

वारा, वारा आणि वारा. डुकराची नजर यथातथा, कान चांगले, आणि नाक भयंकर. वारा तोंडावर असेल आणि कळप खाण्यात गुंतला असेल तर उघड्यावरून पण पंधरा यार्डावर जाता येतं, आणि वाऱ्याने पाठीमागून एक झुळूक दिली की सगळं संपलं. छोट्या बाटलीतली पावडर उडवत राहा. कळपात बघणारे डोळे जास्त, एकटा नर सोपा. टेक्सासमध्ये मका टाकणाऱ्या फीडरजवळ मचाणावर किंवा झुडपात बसूनही शिकार करतात, उन्हाळ्यात डुकरं पाण्याजवळच असतात कारण त्यांना घाम येत नाही म्हणावं इतका कमी, चिखलाची लोळण ओली असेल आणि शेजारच्या मेस्किटच्या खोडावर ताजा चिखल घासलेला असेल तर वारा बघून तिथेच बसा. सापांसाठी जाड उंच बूट घालाच, रॅटलस्नेक भरपूर.

बाण लागल्यावर लगेच मागे जायचं?

नाही. जिथे लागला आणि जिथे दिसेनासं झालं त्या दोन्ही जागा नीट लक्षात ठेवा, बाण मिळाला तर तो वाचा. गुलाबी फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुसं, अर्धा तास थांबा. हिरवट, घाण वासाचं असेल तर पोट, मग चार-सहा तास, जरी उन्हाळ्यात मांस खराब व्हायची भीती असली तरी. डुकराचं रक्त जमिनीवर कमी पडतं, चरबी भोक बुजवते आणि केस रक्त शोषतात, म्हणूनच आरपार बाण आणि खालच्या बाजूला बाहेर पडणारी जखम इतकी महत्त्वाची. ते दाट काट्यात घुसतं. तिथे एकट्याने, अंधारात, गुडघ्यावर रांगत जाऊ नका. जखमी नर सुळ्यांनी मांडीची शीर फाडू शकतो, टॉर्निके म्हणजे रक्त थांबवायला आवळून बांधायचा पट्टा खिशात ठेवा आणि तो बांधायला शिका. आणि माग सोडून देऊ नका, रात्र गेली, काटे लागले, तरी शोधायचं.

सगळ्यात मोठं किती असतं?

प्रौढ नर साधारण 90-100 किलोचा, 150 चा म्हणजे खूपच मोठा. 2004 मध्ये जॉर्जियात अलापाहाजवळ मारलेल्या "हॉगझिला"बद्दल हजार पौंडाची बातमी पसरली होती, नंतर उकरून तपासल्यावर तज्ज्ञांनी 800 पौंडाचा अंदाज दिला, आणि त्यातही पाळीव डुकराचा अंश होता. फोटोत शिकारी डुकराच्या सहा फूट मागे बसलेला असतो हेही लक्षात घ्या.

हावेलिना म्हणजे डुक्करच ना?

नाही! दक्षिण आणि पश्चिम टेक्सासात दिसणारा हावेलिना वेगळ्या कुळातला प्राणी आहे, वीस-पंचवीस किलोचा, गळ्याभोवती फिकट पट्टा, शेपूट दिसत नाही. त्याला लायसन्स लागतं, किती मारायचे याची मर्यादा आहे आणि काही भागात ठरलेला हंगामही. ओळख पटल्याशिवाय बाण नाही.

मांस खाता येतं?

येतं आणि चांगलं लागतं, विशेषतः 40-50 किलोच्या मादीचं. म्हाताऱ्या नराला उग्र वास असू शकतो. कापताना रबरी हातमोजे घालाच, कारण ब्रुसेलोसिस हा आजार रक्तातून माणसाला होतो आणि महिनोन्महिने ताप काढायला लावतो. फ्रीजरमध्ये ठेवून ते जंतू मरत नाहीत, मांस आतपर्यंत 71 अंश सेल्सियसला शिजलं पाहिजे. आपली पद्धत याला उत्तम, मालवणी मसाला, भाजलेलं खोबरं, मंद आचेवर दोन-तीन तास, पोर्क विंदालू तर त्याहून छान. कापताना चरबी निळी दिसली तर सगळंच टाकून द्या, काही ठिकाणी डुकरांना वॉरफरिनचं विषारी खाद्य घालतात आणि त्यात ओळखण्यासाठी निळा रंग असतो.

मी एच-वन-बी व्हिसावर आहे, चालेल का?

बंदुकीचे फेडरल नियम व्हिसावाल्यांना कडक आहेत, शिकारीचं लायसन्स वगैरे अपवादात बसल्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. धनुष्य फेडरल कायद्यात बंदुकीत मोडत नाही. बरीच देशी मंडळी याच दारातून धनुष्याकडे येतात. तरी राज्याचे नियम स्वतः वाचा, आणि पहिली दोन-तीन वेळा अनुभवी माणसाबरोबरच जा.

महाराष्ट्रात आमच्या शेतात डुकरांनी वैताग आणलाय, हेच इथे करू का?

नाही. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली संरक्षित आहे, 2022 च्या दुरुस्तीनंतर ते अनुसूची 2 मध्ये आहे, आणि परवानगीशिवाय मारणं गुन्हा आहे, धनुष्याने असो, फासे लावून असो की गावठी बॉम्ब ठेवून असो. बॉम्बने तर गुरं, कुत्री, माणसंसुद्धा जखमी होतात. शिवाय आपलं रानडुक्कर इथलंच आहे, बिबट्या आणि वाघाचं खाद्य आहे, टेक्सासच्या उपऱ्या डुकरांचा हिशेब त्याला लागू होत नाही. तुमचा त्रास खरा आहे हे मान्य. नुकसान झालं की लगेच फोटो काढा, वनरक्षक किंवा तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्या आणि वन विभागाकडे भरपाईचा अर्ज करा, उशीर केला तर अर्ज अडकतो. धनुष्याची आवड असेल तर गावातल्या किंवा जिल्ह्यातल्या आर्चरी क्लबमध्ये टार्गेटवर मारा, सुरुवातीला 25-30 पौंडाचं धनुष्य घ्या, आणि पहिले काही महिने आठ-दहा यार्डाच्या पुढे जाऊच नका.